दोन टक्क्यांचा हिशेब: चालण्याच्या एका प्रयोगाची उलटतपासणी

चाललं की मेंदूतला आठवणींचा भाग दोन टक्क्यांनी वाढतो, हे वाक्य ज्येष्ठांच्या आरोग्यावरच्या लेखांत इतक्या वेळा येतं की ते कुणी, कधी आणि कसं मोजलं हे विचारायचं राहूनच जातं. माग काढत गेलं तर बहुतेक वेळा आपण एकाच शोधनिबंधापाशी येऊन थांबतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज' या नियतकालिकात तो २०११ साली प्रसिद्ध झाला. पहिलं नाव कर्क एरिक्सन यांचं, शेवटचं आर्थर क्रेमर यांचं. प्रयोग नेटका होता आणि दोन टक्के हा आकडाही खरा आहे. पण त्या आकड्याच्या पाठीवर बसून जो निष्कर्ष घरोघरी पोचला, तो या प्रयोगातून निघत नाही. नेमकं कुठे बिनसलं ते पाहण्यासाठी हे प्रकरण सुरुवातीपासून उलगडायला हवं.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा छोटासा भाग, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, कानशिलांच्या पातळीवर पण खूप आत. नव्या आठवणी पक्क्या करणं आणि जागा-रस्ते लक्षात ठेवणं ही त्याची मुख्य कामं. उतारवयात तो दर वर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी आक्रसतो आणि अल्झायमरमध्ये तर लवकर आणि झपाट्याने. त्यामुळे त्याची झीज थांबवणारं काही सापडलं तर ती मोठीच बातमी ठरणार, हे उघड आहे.

या प्रयोगाची पूर्वतयारी १९९९मध्ये झाली होती, तीही दोन वेगळ्या टोकांनी. पिंजऱ्यात पळण्याचं चाक असलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त तयार होतात, हे हेन्रिएट व्हॅन प्राग आणि फ्रेड गेज यांच्या गटाने त्या वर्षी दाखवलं. त्याच वर्षी क्रेमर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये माणसांवरचा प्रयोग छापला. ६० ते ७५ वयाच्या, बैठं आयुष्य असलेल्या १२४ जणांपैकी काहींना सहा महिने चालायला लावलं, काहींना स्नायूंना ताण देण्याचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांची सुधारणा दिसली ती एका विशिष्ट प्रकारच्या कामांत: एका कामावरून दुसऱ्यावर चटकन वळणं, सुरू केलेली कृती मध्येच रोखणं, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टीकडे काणाडोळा करणं. मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असलेली ही कामं. स्मरणशक्तीचा तिथे मुद्दाच नव्हता. व्यायामाचा फायदा आधी 'विचारा'च्या खात्यात जमा झाला होता. 'आठवणी'च्या खात्यात तो नंतर वळवला गेला.

आता मूळ प्रयोग. ५५ ते ८० वयाचे, स्मृतिभ्रंश नसलेले आणि नियमित व्यायाम न करणारे १२० जण. कुणी कोणत्या गटात जायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ६० जण चालण्याच्या गटात, ६० ताणाच्या, म्हणजे स्नायू ताणण्याच्या हलक्या व्यायामांच्या, गटात. मुदत एक वर्ष, आठवड्यातून तीन दिवस, आणि सगळं देखरेखीखाली. चालणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं चालायचं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ४० मिनिटांवर यायचं आणि पुढे वर्षभर तिथेच राहायचं. वेगही ठरवून दिलेला, पण किलोमीटरमध्ये नाही, नाडीत. विश्रांतीची नाडी आणि कमाल नाडी यांच्यातलं अंतर काढायचं. सुरुवातीचे आठवडे त्या अंतराच्या ५० ते ६० टक्के इतकी नाडी वर न्यायची, नंतर ६० ते ७५ टक्के.

हा हिशेब एकदा करून पाहिलेला बरा, कारण 'चाला' या शब्दात तो हरवतो. समजा विश्रांतीची नाडी मिनिटाला ७० आणि कमाल १५५. अंतर ८५. त्याचे ६० टक्के म्हणजे ५१ आणि ७५ टक्के म्हणजे ६४. म्हणजे चालताना नाडी १२१ ते १३४च्या दरम्यान हवी, आणि ती ४० मिनिटं तिथे टिकायला हवी. या वेगात माणूस बोलू शकतो, पण वाक्य मध्ये तोडून. गाणं म्हणणं जमत नाही. फोनवर बोलत, दर वळणावर थांबत मारलेली फेरी शरीराला चांगलीच असते, पण या प्रयोगात मोजलं गेलेलं चालणं ते नव्हे.

दुसऱ्या गटाला नुसतं घरी बसवलेलं नव्हतं. तेही तितकेच दिवस यायचे. डंबेल किंवा रबरी पट्ट्यांनी स्नायूंचे व्यायाम, तोल सांभाळण्याचे व्यायाम, योगातल्या काही क्रिया, ताण. प्रशिक्षक होता, सोबत माणसं होती, घराबाहेर पडायला कारण होतं. एवढंच की दमछाक नव्हती. तुलना अशीच असायला हवी. नाहीतर चालण्याचा परिणाम कोणता आणि चार लोकांत मिसळल्याचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही. मात्र पुढे सगळा पेच उभा राहिला तो याच चांगल्या मांडणीमुळे.

वर्षाच्या सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि शेवटी एमआरआय काढले. चालणाऱ्यांची शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळपास आठ टक्क्यांनी वाढली, ताणाच्या गटाची एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे लोक खरोखर चालले, यात शंका नाही. चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं, तर ताणाच्या गटाचं सुमारे १.४ टक्क्यांनी घटलं. वाढ झाली ती हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या भागात. थॅलॅमस आणि कॉडेट या मेंदूच्या इतर भागांवर काही परिणाम दिसला नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे 'सगळा मेंदूच जरा फुगला असेल' ही शंका मिटते. ताणाच्या गटातही जे सुरुवातीलाच जास्त तंदुरुस्त होते, त्यांची घट कमी होती. बीडीएनएफ नावाचं प्रथिन चेतापेशींच्या वाढीला हातभार लावतं; चालणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात ते जास्त वाढलं, त्यांचा हिप्पोकॅम्पसही जास्त वाढलेला होता. एक ते दोन वर्षांची झीज भरून निघाली, असं लेखकांनी म्हटलं. मथळा तयार होता.

इथे पहिला थांबा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस तीन ते पाच घन सेंटिमीटरचा असतो. त्याचे दोन टक्के म्हणजे ६० ते १०० घन मिलिमीटर. एमआरआयला पेशी मोजता येत नाहीत, आकारमान मोजता येतं. ते वाढलं म्हणजे नव्या चेतापेशी आल्या, की जुन्यांच्या फांद्या वाढल्या, की बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट झालं, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. उंदरांचं उदाहरण इथे सरळ लावणंही अवघड आहे. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होतात की नाही यावर २०१८मध्ये दोन गटांनी अगदी उलटे निष्कर्ष छापले, आणि तो वाद अजून चालू आहे. ज्येष्ठांना व्यायामाने 'नवीन पेशी येतात' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरा थांबा जास्त मोठा आहे. स्मरणशक्ती कशी मोजली? संगणकाच्या पडद्यावर एक, दोन किंवा तीन काळे ठिपके अर्धा सेकंद दिसायचे आणि जायचे. तीन सेकंद पडदा तसाच. मग एक लाल ठिपका यायचा. तो आधीच्या ठिपक्यांपैकी एखाद्याच्या जागी आहे की वेगळ्या जागी, हे बटण दाबून सांगायचं. जागा लक्षात ठेवण्याची क्षमता तपासायला ही चाचणी चांगली आहे. पण भाच्याचं नाव आठवणं, गोळी घेतली की नाही हे आठवणं, चावी कुठे ठेवली ते आठवणं, यांच्यापासून ती बरीच दूर आहे.

आणि निकाल? चालणाऱ्या गटाची कामगिरी वर्षभरात सुधारली. ताणाच्या गटाचीही सुधारली, आणि तेवढीच. दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. ही गोष्ट निबंधाच्या आत स्पष्ट लिहिलेली आहे. लपवाछपवी अजिबात नाही. पण निबंधाच्या सारांशात मात्र व्यायामाने हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग वाढतो आणि 'त्यातून' जागांची स्मृती सुधारते, अशा अर्थाचं वाक्य आहे. त्या वाक्याला आधार कुठला? चालणाऱ्या गटाच्या आत पाहिलं, तर ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला त्यांची चाचणीतली सुधारणाही जास्त होती, हा.

समजा शाळेत दोन वर्ग आहेत, एकाला शिकवणी लावली आणि दुसऱ्याला नाही, पण वर्षअखेर दोन्ही वर्गांचे गुण सारखेच वाढले. आता शिकवणीच्या वर्गात ज्यांच्या वह्या जास्त भरल्या त्यांचे गुण जास्त वाढले, एवढं दाखवून शिकवणीमुळे गुण वाढले असं म्हणता येईल का? वहीचा आणि गुणांचा संबंध आहे, एवढंच म्हणता येईल. तो दुसऱ्या हजार कारणांनी असू शकतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याचा सगळा खटाटोप करायचा तो असल्या कारणांना बाद करण्यासाठी. मग गटांची तुलना सोडून एकाच गटाच्या आत डोकावलं की तो फायदा हातचा जातो. याच मुद्द्यावर बोट ठेवणारं पत्र त्याच नियतकालिकात त्याच वर्षी छापून आलं. आयर्लंडच्या रॉबर्ट कोएन आणि सहकाऱ्यांचा आक्षेप असा की स्मृतीतली सुधारणा व्यायामामुळे किंवा वाढलेल्या हिप्पोकॅम्पसमुळे झाली, हे दाखवण्यात प्रयोग अपयशी ठरला आहे. अर्थात त्या पत्राचे मथळे झाले नाहीत.

ताणाच्या गटाची कामगिरी का सुधारली असेल? पहिलं कारण सरळ आहे: सराव. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की बटणं हातात बसतात, भीती जाते, युक्ती सुचते. दुसरं कारण असंही असू शकतं की तोलाचे आणि स्नायूंचे व्यायाम, ठरलेल्या वेळी बाहेर पडणं आणि माणसांत मिसळणं यांचाही काही वाटा होता. दोन्हींतलं खरं कोणतं हे कळायला तिसरा गट हवा होता, काहीच न करणारा. तो नव्हता. म्हणजे एकाच निकालाची दोन वाचनं शक्य आहेत: 'चालण्याने आठवण सुधारत नाही', किंवा 'हलक्या व्यायामानेही सुधारते'. माझा कल सरावाकडे आहे. ज्येष्ठांवरच्या व्यायाम-प्रयोगांत तुलनेचा गट असा आपोआप सुधारताना वारंवार दिसतो.

मग हा आकडा पुढे टिकला का? अर्धवट. २०१८मध्ये जोसेफ फर्थ आणि सहकाऱ्यांनी अशा १४ प्रयोगांतले ७३७ सहभागी एकत्र करून पाहिले. हिप्पोकॅम्पसच्या एकूण आकारमानावर व्यायामाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. डाव्या बाजूवर आढळला, आणि तोही मुख्यतः व्यायाम न करणाऱ्यांची घट झाल्यामुळे. म्हणजे 'वाढतो' याऐवजी 'कमी झिजतो' म्हणणं जास्त खरं. ऐकायला हे तितकं छान वाटत नाही, पण सत्तरीतल्या माणसासाठी न झिजणं ही लहान कमाई नव्हे.

आठवण आणि विचार यांवरचे मोठे प्रयोग जास्तच निराश करणारे निघाले. अमेरिकेतल्या 'लाइफ' प्रयोगात ७० ते ८९ वयाचे, बैठे आणि हालचाल मंदावलेले १,६३५ जण होते. दोन वर्षं चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. समोरच्या गटाला आरोग्यविषयक व्याख्यानं. २०१५मध्ये निकाल आला: विचारशक्तीत आणि स्मरणशक्तीत एकंदर फरक नाही. सौम्य विस्मरण किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात १३.२ टक्के, व्याख्यानांच्या गटात १२.१. फक्त ऐंशीच्या पुढच्या आणि मुळातच शारीरिक क्षमता कमी असलेल्या लोकांत विचारांवरच्या ताब्याच्या चाचण्या थोड्या सुधारल्या, म्हणजे १९९९च्या 'नेचर'मधल्या निबंधात दिसली तशीच कामं. अशा उपगटांच्या निकालांवर फार भिस्त ठेवू नये हे खरं, तरी ज्यांच्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे त्यांनाच फायदा व्हावा हे न पटण्यासारखं नाही.

स्मृतिभ्रंश आधीच झालेला असेल तर गणित आणखी बदलतं. इंग्लंडमधल्या 'डापा' प्रयोगात सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांपैकी काहींना चार महिने व्यायामशाळेत चांगला दमदार व्यायाम दिला. लोक तंदुरुस्त झाले. पण वर्षअखेरीस आकलनाच्या चाचणीत व्यायामाचा गट किंचित मागेच होता. फरक लहान होता आणि त्याचा घाबरण्यासारखा अर्थ काढू नये, पण आजार उतरेल या आशेने एखाद्या रुग्णाला दमवणाऱ्या घरच्यांना हा निकाल माहीत असावा. त्याला चालायला न्यावं ते त्याला बरं वाटतं म्हणून, झोप लागते म्हणून.

मग चालणारे म्हातारे जास्त तल्लख दिसतात ते का? निरीक्षणं करणाऱ्या अभ्यासांत हा संबंध सातत्याने सापडतो, आणि तो खोटा नाही. पण त्याची दिशा उलटी असू शकते. लंडनच्या सरकारी नोकरदारांवरच्या 'व्हाइटहॉल २' अभ्यासात १०,३०८ जणांवर पंचवीसहून जास्त वर्षं लक्ष ठेवलं होतं. सेव्हरीन साबिया आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्याचं विश्लेषण छापलं. मध्यमवयात केलेला व्यायाम आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही. आढळलं ते असं की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची हालचाल निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच इतरांपेक्षा कमी होत गेली होती. बसून राहिल्याने आजार आला असं आपल्याला वाटतं. कित्येकांच्या बाबतीत येऊ घातलेल्या आजारानेच त्यांना बसवलेलं असतं.

एवढं सगळं वाचून कुणी बूट काढून ठेवणार असेल, तर त्याआधी रक्तदाबाकडे पाहावं. 'स्प्रिंट माइंड' या प्रयोगात वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. तिथे रक्तदाब औषधांनी उतरवला होता, पण नियमित चालण्यानेही तो उतरतो, रक्तातली साखर आटोक्यात राहते, मन थोडं हलकं होतं. मेंदूला फायदा पोचत असेल तर तो बहुधा अशा आडवाटांनी आणि वर्षानुवर्षांत. सहा-बारा महिन्यांच्या ठिपक्यांच्या चाचणीत तो सापडला नाही यात मला आश्चर्य वाटत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात शारीरिक निष्क्रियता आहेच, पण ऐकू कमी येणं आणि उच्च रक्तदाब हेही आहेत. कानाचं यंत्र नाकारणाऱ्या माणसाला रोज पाच किलोमीटर चालायला लावून घरच्यांनी समाधान मानू नये.

'लाइफ' प्रयोगाचा एक निकाल आठवणीच्या निकालाआधी, २०१४मध्येच आला होता आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कुणाच्याही आधाराशिवाय ४०० मीटर चालणं ज्यांना अशक्य झालं, त्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के होतं, व्याख्यानांच्या गटात ३५.५. स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे, बँकेत, मित्राकडे जाता येणं म्हणजे काय, हे ज्याचं ते थांबलं आहे त्याला विचारावं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे मिश्र व्यायाम सुचवते. त्यासाठी दोन टक्क्यांचं आमिष दाखवायची गरज नाही. उलट ते दाखवलं, आणि सहा महिने इमानेइतबारे चालूनही नावं विसरली जाऊ लागली, की माणूस स्वतःला दोष देतो आणि चालणंही सोडतो.

व्हाइटहॉलच्या आकड्यांतून निघणारी एक व्यवहाराची गोष्ट मात्र या सगळ्या वादात मागे पडते. वर्षानुवर्षं फिरायला जाणारं माणूस हळूहळू जायचं बंद झालं, की आपण वयावर ढकलतो किंवा आळशी म्हणून टोमणे मारतो. त्याऐवजी कारण शोधावं. गुडघा दुखतो का, पडण्याची भीती बसली आहे का, दिसायला-ऐकायला कमी येतं का, नवीन सुरू झालेल्या गोळीने चक्कर येते का, थायरॉइड किंवा बी-१२ची तपासणी कधी झाली होती, मन उदास आहे का. आणि हे सगळं ठीक असूनही नेहमीचा रस्ता टाळला जात असेल, तर तो रस्ता आता ओळखू येईनासा झाला आहे का, हे अपमान न करता विचारावं आणि डॉक्टरांना सांगावं.